खिडकी, टेबल आणि डेक्कन क्वीन

कानात इअरफोन घालून लोकलच्या दारात उभे असाल तर आधी आत सरका, मग ऐका.

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना मी दोन-तीनदा विषय सोडून भरकटलो होतो, ते तसंच ठेवलंय. मागच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं, ‘एडिट केलेलं वाचण्यापेक्षा तुझं भरकटणंच बरं.’ तर घ्या.

मी मुलुंडचा. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून रेल्वेचे रूळ दिसतात. लहानपणी संध्याकाळी गच्चीवर क्रिकेट चालायचं आणि साधारण पावणेसहाच्या सुमाराला एक गाडी यायची. लोकल येते, थांबते, माणसं ओतते आणि जाते. ही थांबायचीच नाही. निळी-पांढरी, धडधडत कल्याणच्या दिशेने निघून जायची. आम्ही खेळ थांबवून बघायचो. डेक्कन क्वीन. तिच्यात एका डब्यात हॉटेल आहे, ही माहिती माझ्याकडे होती आणि त्यावर माझी मित्रांमध्ये बरीच पत होती, कारण माझे आजोबा त्या हॉटेलात रोज चहा प्यायचे.

आता हे ‘रोज’ नीट सांगायला हवं. आजोबा पुण्यात शिवाजीनगरला राहायचे आणि नोकरी मुंबईत, फोर्टमध्ये. सकाळी सव्वासातला पुण्याहून गाडी, साडेदहाच्या आत बोरीबंदर, आणि संध्याकाळी पाच दहाला परत तीच गाडी. अठरा वर्षं. महिन्याचा पास. आम्हाला घाटकोपर ते अंधेरी मेट्रोने जाऊन परत आलो तरी दमायला होतं, आणि हा माणूस रोज दोनदा खंडाळ्याचा घाट ओलांडत होता! मी त्यांना एकदा विचारलं होतं, ‘कंटाळा नाही यायचा?’ तर म्हणाले, ‘कंटाळा ऑफिसात यायचा. गाडीत वेळ कुठे होता कंटाळायला?’

त्या वाक्यावरूनच आजचा विषय सुचला.

इंटरनेटवर तुम्ही अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांचे फोटो पाहिले असतील. स्टीलचे चकचकीत डबे, वर काचेचा घुमट, आत सोफे, टाय लावलेली माणसं हातात ग्लास घेऊन डोंगर बघतायत. त्यांना म्हणतात लाउंज कार, ऑब्झर्व्हेशन कार, डोम कार. यातल्या डोमची गोष्ट मजेशीर आहे. १९४४ मध्ये जनरल मोटर्सचा सायरस ऑस्बोर्न नावाचा अधिकारी कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड कॅन्यनमधून डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये बसून चालला होता. दोन्ही बाजूंना कडे, खाली नदी. त्याच्या मनात आलं, हे सगळं ड्रायव्हरला दिसतंय आणि ज्यांनी तिकिटाचे पैसे भरले त्यांना काय दिसतंय? शेजारच्या कड्याचा चार फुटांचा तुकडा. पुढच्याच वर्षी बर्लिंग्टन रेल्वेने एक जुना डबा फोडून त्याला छतावर काचेचा घुमट बसवला. त्या प्रकाराचं नाव पडलं व्हिस्टा-डोम. १९४९ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्निया झेफिर या गाडीला असे पाच-पाच घुमट होते, आणि तिचं वेळापत्रकच असं बसवलं होतं की रॉकी पर्वत आणि पुढची फेदर नदीची दरी दिवसाउजेडी यावी. म्हणजे आधी देखावा, मग टाइमटेबल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे मागच्या टोकाला मोठी खिडकी असलेले डबे होते, पण ते साहेबांसाठी. रेल्वेचे मोठे अधिकारी रूळ तपासायला निघायचे तेव्हा त्यांच्या इन्स्पेक्शनच्या डब्याला ती खिडकी असायची. अजूनही असते. संस्थानिकांचे सलून होते, व्हाइसरॉयचे होते. आपल्यासारख्या तिकिटवाल्याने खिडकीच्या गजांना नाक लावायचं.

पण बसून खायचा डबा मात्र आपल्याकडे होता. आणि तो एका गाडीत अजून आहे.

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. तेव्हा आपल्या मध्य रेल्वेचं नाव होतं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या बनवल्या होत्या. एक चंदेरी रंगाची, तिच्यावर लाल पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले, पण वरचं सगळं बांधकाम माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये झालं. तेच वर्कशॉप, ज्याची भिंत आपण दादरला जाताना रोज बघतो आणि जिच्याकडे कुणी मान वर करूनही बघत नाही. त्या भिंतीमागे आपल्याच शहरातल्या कामगारांनी चंदेरी गाडी घडवली होती.

चंदेरी रंग! कोळशाच्या जमान्यात चंदेरी गाडी काढायची म्हणजे धाडसच की. पण इथे विजेचा भाग येतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची लोकल धावली, आणि १९२९ च्या अखेरीपर्यंत तारा घाट चढून पुण्याला पोचल्या होत्या. त्याच सुमाराला घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशनही बंद झालं. हे काय प्रकरण होतं? १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली तेव्हा डोंगर इतका अंगावर येणारा होता की सलग चढणं जमेना. म्हणून गाडी अर्ध्यावर एका फाट्यावर न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. इंग्रजी झेड अक्षर डोळ्यांसमोर आणा. चढ ३७ फुटांना एक फूट. ऐकायला किरकोळ वाटतो, पण रेल्वेसाठी हा भयंकर आहे. आजही कर्जतला गाडी थांबते ती मागून ढकलणारी जादा इंजिनं लावायला. त्यांना बँकर म्हणतात. तुम्ही-आम्ही त्या वेळात दिवाडकरांचा बटाटावडा खातो आणि स्टॉप वड्यासाठीच आहे असं समजतो.

तर वीज आली, इंजिन फिरवायची कटकट गेली, बोगद्यातला धूर गेला, आणि मग पुण्याला झटकन नेणारी, स्वच्छ, चकाचक गाडी काढणं शक्य झालं. माझं मत विचाराल तर डेक्कन क्वीनची खरी आई म्हणजे ती १५०० व्होल्टची तार. पण तारेचा वाढदिवस कोण करणार? गाडीचा करतात. दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर केक कापतात, इंजिनाला हार घालतात.

सुरुवातीला गाडीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. आता ‘दुसरा वर्ग’ ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर आपला सेकंड क्लास आला असेल, तर तो पुसा. तेव्हा खाली तिसरा वर्ग होता, आणि तो या गाडीला नव्हताच. १ जानेवारी १९४९ ला पहिला वर्ग काढला. १९५५ च्या जूनमध्ये तिसरा वर्ग जोडला. म्हणजे गाडी सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी साधा माणूस तिच्यात चढला. पुढे १९७४ च्या एप्रिलपासून तिसऱ्यालाच दुसरा म्हणायला लागले. आजोबा म्हणायचे, ‘रात्री थर्ड क्लासमध्ये झोपलो आणि सकाळी सेकंड क्लासमध्ये उठलो. बाकडं तेच!’ १९६६ मध्ये लाकूडकाम गेलं आणि मद्रासजवळच्या पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले.

आता डायनिंग कार. आधी एक गोंधळ दूर करतो, कारण मला कमेंटमध्ये हमखास विचारतात. पॅन्ट्री कार वेगळी, डायनिंग कार वेगळी. पॅन्ट्रीमध्ये स्वयंपाक होतो आणि माल आपल्या सीटवर येतो. डायनिंग कारमध्ये आपण उठून जायचं. टेबल असतं, खुर्ची असते, वेटर असतो, आणि समोर एक अनोळखी माणूस असतो.

हे ‘उठून जायचं’ म्हणतोय ते पूर्वी सोपं नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या ब्रॉडगेज गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्यात जायला आतून वाटच नसायची. जेवायला डायनिंग कारमध्ये जायचं तर एका स्टेशनवर उतरून पळत त्या डब्यात चढायचं, जेवायचं, आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तिथेच बसायचं. जेवण झालं, बिल दिलं, तरी तुम्ही अडकलेले. नाहीतर गार्डला ऑर्डर सांगायची, तो पुढच्या स्टेशनला तार करायचा आणि तिथे ताट तयार असायचं. म्हणजे आपण ॲपवर करतो ती प्री-ऑर्डर आपल्या पणजोबांच्या वेळेला होतीच, फक्त डिलिव्हरी ट्रॅकिंग नव्हतं.

दोन डब्यांच्या मधला तो अकॉर्डियनसारखा रबरी बोगदा आला, त्याला व्हेस्टिब्यूल म्हणतात, आणि डायनिंग कारला अर्थ आला. आता तुम्ही कल्याणला उठून जाऊ शकता आणि कर्जतच्या आत परत येऊ शकता. डेक्कन क्वीनच्या जुन्या डब्यात बत्तीस जणांची सोय होती. गादीच्या खुर्च्या, खाली गालिचा, ऑम्लेट, चीज टोस्ट, कटलेट. आजोबांचं ठरलेलं: सकाळी लोणावळा गेलं की चहा-टोस्ट. संध्याकाळी कधी पगार झालेला असला तर ऑम्लेट. घरी अंडं चालत नव्हतं, हा त्यातला खरा मुद्दा. आजीला माहीत होतं. आजोबांना वाटायचं, तिला माहीत नाही.

आता मी इंजिनिअर आहे, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय मला झोप येत नाही. आज गाडीला सोळा डबे आहेत. एसी चेअर कारच्या एका डब्यात ७८ सीट असतात. त्याच लांबीच्या डायनिंग कारमध्ये विकायला सीट किती? शून्य. म्हणजे रोज दोन फेऱ्या, एकूण १५६ तिकिटं रेल्वे सोडून देते. आमच्या ऑफिसात असा सर्व्हर असता तर सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणीतरी स्लाइड दाखवली असती, ‘हा बंद करू, खर्च वाचेल’. आणि मीच दाखवली असती कदाचित. दुसऱ्या बाजूने बघितलं तर समजा नव्या डब्यातल्या चाळीस खुर्च्यांवर माणूस पंचवीस मिनिटं बसला, तर तीन तासांत पावणेतीनशे लोक बसून उठतात, शिवाय त्याच स्वयंपाकघरातून बाकीच्या डब्यांत खाणं जातं ते वेगळं. पण हा हिशोब मी स्वतःला पटवायला करतोय, हे मला कळतं. तिकिटाच्या हिशोबात डायनिंग कार हरतेच. ती टिकली ती लोकांना हवी होती म्हणून. देशात रोजच्या प्रवाशांच्या गाडीला असा बसून खायचा डबा राहिलाय तो इथेच, हे पुणेकर तुम्हाला न विचारता सांगतील.

२२ जून २०२२ ला जुने डबे गेले आणि गाडी नव्या एलएचबी डब्यांची झाली. हे जर्मन रचनेचे डबे, अपघातात एकमेकांवर चढत नाहीत, सुरक्षित. त्याबद्दल तक्रार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची मदत घेऊन नवी डायनिंग कार केली, बत्तीसच्या चाळीस खुर्च्या झाल्या. आणि त्याच्या आधीच, १५ ऑगस्ट २०२१ पासून, या गाडीला एक व्हिस्टाडोम डबा लागला होता. हो, तेच नाव. कोलोरॅडोच्या दरीतून निघून पाऊणशे वर्षांनी बोरघाटात पोचलं. आपल्या बाजूला तो पहिल्यांदा सप्टेंबर २०१७ मध्ये दादर–मडगाव जनशताब्दीला आला, मग जून २०२१ मध्ये डेक्कन एक्सप्रेसला. काचेचं छत, मोठ्या काचा, फिरणाऱ्या ४४ खुर्च्या, आणि एका टोकाला उभं राहून बघायची मोकळी जागा. साहेबांच्या डब्याची खिडकी शेवटी आपल्याला मिळाली, एवढ्यासाठी तरी मला हा डबा आवडतो.

पण डेक्कन क्वीनला? डिसेंबरात पाच दहाची गाडी पकडा. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, घाट लागतो साधारण पावणेसातला. जास्तीचे पैसे भरून काचेच्या छतात तुम्हाला दिसतं काय, तर तुमचंच तोंड. झेफिरचं टाइमटेबल देखाव्यासाठी होतं. आपल्या राणीचं टाइमटेबल ऑफिस सुटण्यावर आहे, आणि ते तसंच असायला हवं. घाट बघायचाच असेल तर सकाळची डेक्कन एक्सप्रेस घ्या, नाहीतर पुण्याहून सकाळी येणारी क्वीन. आणि एक गंमत. पुण्याकडे जाताना डबा शेवटी असेल आणि मागे बँकर लागले असतील, तर ऑब्झर्व्हेशनच्या त्या मोठ्या काचेतून दरी नाही, इंजिनाचं नाक दिसतं. मला ते दरीपेक्षा जास्त आवडेल, पण मी तसाच आहे.

(बोरिवलीच्या मित्राने सांगितलंय की पश्चिम रेल्वेचा उल्लेख केला नाहीस तर बघ. तर, सुरतेची फ्लाइंग राणी. १९७९ पासून तिला डबल डेकर डबे होते. वरच्या मजल्यावर बसायला मारामारी, आणि खालच्या मजल्यावरून बोरिवलीचा प्लॅटफॉर्म बरोब्बर डोळ्यांच्या पातळीला, त्यामुळे स्टेशनभर नुसत्या चपला दिसायच्या. जुलै २०२३ मध्ये तेही डबे गेले. झालं समाधान?)

आता ज्यासाठी हा एपिसोड केला ते.

२०२३ च्या जुलैमध्ये मी आजोबांना पुण्याहून मुलुंडला आणलं. कायमचं. आजी गेल्यावर दोन वर्षं ते एकटे राहिले, मग एकदा बाथरूममध्ये पडले, आणि बाबांनी शिवाजीनगरचं घर बंद करायचं ठरवलं. आजोबा काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘टॅक्सी नको. क्वीनने जाऊ.’ वय सत्त्याऐंशी. मी मोठ्या हौसेने व्हिस्टाडोमची दोन तिकिटं काढली. म्हटलं, अठरा वर्षं गजांच्या खिडकीतून घाट बघितला, आता काचेतून बघू देत.

पाऊस होता. लोणावळ्याच्या पुढे काचेवरून पाणी वाहत होतं, बाहेर नुसतं हिरवं आणि पांढरं. डब्यात सगळ्यांचे फोन वर. माझाही. आजोबांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली, साधारण दहा मिनिटं बघितलं. मग माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, ‘छान आहे रे. पण सगळे तिकडेच तोंड करून बसलेत. चल, चहा घेऊ.’

हलत्या गाडीतून सत्त्याऐंशीच्या माणसाला नेणं म्हणजे माझ्या पोटात गोळा. ते मात्र बाकांच्या पाठीला हात लावत असे चालले जसं काही घरातल्या पॅसेजमधून चाललेत. प्रत्येक सांध्यापाशी थांबून अंदाज घ्यायचे आणि बरोबर क्षणी पाऊल टाकायचे. नव्या डायनिंग कारच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं. खुर्च्या नव्या, रंग नवा, दिवे नवे. काही बोलले नाहीत. रिकामं टेबल नव्हतं. एका टेबलावर साठीच्या घरातल्या एक बाई एकट्या बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘या ना काका, बसा.’

त्या पासवाल्या निघाल्या. निवृत्त झालेल्या, पण आठवड्यातून एकदा मुलीकडे दादरला जातात. आजोबांनी विचारलं, कोणता डबा, कोणता ग्रुप. मग नावं निघायला लागली. अमुक वारले, तमुक अमेरिकेला मुलाकडे, पत्त्यांच्या डावात चोरी करणारे ते अजून आहेत आणि अजून चोरी करतात. बाई आणि आजोबा एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. ते निवृत्त झाले त्यानंतर दोन वर्षांनी बाईंचा पास सुरू झाला होता. पण त्या दोघांच्या ओळखीचे अकरा लोक निघाले. मी मोजले.

ऑम्लेट आलं. आजोबांनी अर्धं माझ्याकडे सरकवलं. बाईंना म्हणाले, ‘आमच्या हिला माहीत नव्हतं मी हे खायचो.’ मी गप्प राहिलो. आजीने मला सांगितलेलं आजीबरोबरच राहू दे म्हटलं.

व्हिस्टाडोममधल्या आमच्या दोन महागड्या खुर्च्या कल्याणपर्यंत रिकाम्याच होत्या. ठाणं गेलं तेव्हा आम्ही परत तिथे जाऊन बसलो, कारण सामान तिथे होतं. दहाच्या थोडं आधी मुलुंड आलं. गाडी थांबली नाही अर्थातच. एवढी मोठी काच, म्हणून आमची बिल्डिंग पहिल्यांदाच इतकी स्वच्छ दिसली. गच्चीवर आई उभी होती, तिला मी फोन करून ठेवला होता. ती हात हलवत होती. आजोबांनीही हलवला, पण तोपर्यंत नाहूर आलं होतं.

दादरला उतरलो, पूल चढलो, मधल्या पायऱ्यांवर दोनदा बसलो, आणि मुलुंडला परत जायला ठाण्याची स्लो लोकल पकडली. माटुंग्याचं वर्कशॉप आलं तेव्हा मी त्यांना भिंत दाखवली. म्हटलं, ‘आजोबा, तुमची गाडी इथे बनली होती.’ ते म्हणाले, ‘माहितेय. आणि तुझं घर मागे टाकून आलो आपण, तेही माहितेय. पुढच्या वेळी बसनेच जाऊ.’

पुढची वेळ म्हणजे कुठली, हे मी विचारलं नाही.